पडद्यामागचा पांढरा वारा

पडदा सरकला आणि जत्रेच्या मैदानावरच्या तंबूत तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली.

चाळीस मिनिटांपूर्वी माइलो नोवोत्नीच्या बापाच्या धान्याच्या ट्रकचं दार पडद्याआड नेलं होतं, तेव्हा त्यावर लाल रंगाचे पोपडे आणि गंजाची खरूज होती. आता ते कोरं राखाडी लोखंड झालं होतं. खिडकीची काच मात्र जागच्या जागी, तिच्यावर एक ओरखडा नाही.

"मी हात लावला?" फिरते धर्मोपदेशक ब्रदर गार्लंड गरजले.

"नाही!"

"कानस लावली? तेजाब ओतलं?"

"नाही!"

"तुम्ही डोळ्यांनी ढग पाहिलात! बायबलातल्या मोशेला दिसला तोच ढग! देवाने नुसता श्वास सोडला, बंधूंनो, आणि सत्तर वर्षांचं पाप गळून पडलं!"

ढग सगळ्यांनी पाहिला होता खरा. ऑर्गन कानठळ्या बसवत होता, तंबूमागे जनरेटर गुरगुरत होता आणि पडद्यावरून पांढरा धुरळा वर येत होता. दारावर गंजाचे काही खोल काळे खड्डे राहिले होते. ती म्हणे कबूल न केलेली पापं. या माणसाकडे प्रत्येक खड्ड्याला झाकण तयार होतं.

तरीही लोकांनी मान डोलावली ती ऑर्विल क्रेब्समुळे. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या गावात तीस वर्षं लोखंडावर हवेच्या जोराने वाळू मारून गंज काढणारा तो एकटाच. तो मंचावर चढला, काचेवर अंगठा फिरवला आणि टोपी काढली.

"वाळू मारली असती तर काच दुधी झाली असती," तो म्हणाला. "हे माणसाचं काम नव्हे."

झालं! गावातला सगळ्यात जाणता माणूसच बोलला, मग बाकीच्यांनी डोकं कशाला शिणवायचं?

ब्रदरनी दाराच्या कडेची पांढरी भुकटी चमच्यात गोळा केली. "लोखंडाचा गंज जातो, मग काळजाचा जाणार नाही?" त्यांनी ती पाण्यात ढवळून पेला पुढे केला. पहिल्या रांगेतून पहिला हात आला तो माइलोचा. तो घटाघटा प्यायला आणि त्याला मोठ्ठी ढेकर आली.

"निघालं! पाप निघालं!" तंबू टाळ्यांनी दणाणला. माइलोने खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि ब्रदरनी पुढे केलेल्या बादलीत टाकली.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, इर्माने, ते पाहिलं. दोन वर्षांपासून तिच्या नवऱ्याचं हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठायचं. ते पाणी त्या गोळ्यांनीच निघायचं. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती: मीठ बंद.

माइलो रोज संध्याकाळी तंबूत जाऊन पेला पिऊ लागला. पाचव्या दिवशी त्याच्या पायात बूट शिरेना. रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून तो खुर्चीतच बसून झोपायला लागला होता. इर्मा स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून पुन्हा स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होती. जत्रेतल्या लोणच्याच्या स्पर्धेसाठी काकड्या व्हिनेगरमध्ये मुरत घालायच्या होत्या, त्या अर्ध्याच राहिल्या होत्या.

"चल, गाडीत बस. दवाखान्यात जाऊ."

"ब्रदर म्हणतात, सूज आली म्हणजे आतलं बाहेर येतंय."

"माइलो, तुझे घोटे बघ! बोट दाबलं तर खड्डा राहतोय."

"तुझा विश्वास नाही म्हणून उशीर होतोय, इर्मा." तो धापा टाकत बोलत होता. "आज संध्याकाळी शेवटचा पेला. मग तू म्हणशील तिथे येईन. तोवर एक काम कर. बाबांचं दार रंगवून पुरं कर. देवाने धुतलंय ते."

गाड्या रंगवण्याचं दुकान इर्माचंच. निदान हात तरी गुंतेल म्हणून तिने काल दारावर रंगाआधीच्या अस्तराचा हात मारला होता. आता दुकानात जाऊन नख लावलं, तर रंग उन्हाने जळलेल्या कातडीसारखा सोलून हातात आला. ती चिडली. सत्तावीस वर्षांत तिच्या हातचा रंग असा सुटला नव्हता. देवाने धुतलेल्या लोखंडावर रंग का बसू नये?

सोललेल्या रंगाखाली पांढरी पूड होती. तिने बोटावर घेऊन चाटली. खारट!

तिच्या ओल्या बाहीतून काकड्यांचं व्हिनेगर दारावर ठिबकलं होतं. तिथे फस्स करून फेस आला. इर्मा त्या फेसाकडे बघत राहिली. शाळेत प्रत्येक पोर मातीचा ज्वालामुखी करतं, आत अशीच पांढरी पूड भरतं आणि फेसाचा लाव्हा काढायला वर व्हिनेगरच तर ओततं! खायचा सोडा. पावाला फुगवणारा, पोटात गेला की ढेकर काढणारा, आणि मिठासारखाच सोडियमने भरलेला.

तिने ओमाहा शहरातल्या रंगवाल्याला फोन लावला.

"सोडा मारून गंज काढतात का हो?"

"काढतात की. हवेच्या दाबाने मारायचा. सोड्याचा दाणा मऊ, आपटला की स्वतःच फुटतो. रंग उडतो, वरवरचा गंज उडतो, काच शाबूत. खोल गंज नाही निघत. आणि नंतर नीट धुवा बरं, नाहीतर रंग धरणार नाही."

ती तडक मैदानावर गेली. तंबूच्या मागे धुरळा बसलेलं गवत पंख्याच्या आकारात जळून पिवळं पडलं होतं. कापडाखालून एक जाड नळी जनरेटरच्या गाडीकडे गेली होती. देवाच्या श्वासाने गवत मरतं, हे तिला नवीनच होतं.

संध्याकाळी माइलो दोघांच्या आधाराने मंचावर चढला. ओठ निळसर झाले होते. ब्रदरनी पेला उचलला, तोच इर्मा काकड्यांची बरणी घेऊन वर गेली आणि पेल्यात व्हिनेगर ओतलं. पेला फसफसून ब्रदरच्या बाहीवर उतू गेला.

"बघा! सैतान फेसाळतोय!" ब्रदर ओरडले.

"ऑर्विल," इर्मा म्हणाली, "जत्रेतल्या केकच्या टपरीतून सोड्याचा डबा आण."

ऑर्विल कुरकुरत गेला, पण गेला. तिने दुसऱ्या पेल्यात चमचाभर सोडा घातला, वर व्हिनेगर. तसाच फेस, तसाच आवाज.

"काय हो ब्रदर, टपरीतल्या डब्यातही सैतान राहतो का? काल मी त्याचाच केक खाल्ला."

कुणीतरी फिसकन हसलं. "ऑर्विल, आता पडदा ओढ," ती म्हणाली. "जनरेटरकडची बाजू."

पडद्यामागे हवा दाबायचं यंत्र होतं, नळी होती आणि सोड्याची पोती. ब्रदर क्षणभरच गडबडले. "देव साधनं वापरतो, भगिनी!"

"मग साधन दाखवून मजुरी घ्या ना! माझ्या नवऱ्याच्या गोळ्या कशाला घेता?"

ऑर्विल यंत्राजवळ उकिडवा बसला. "मला वाळू ठाऊक," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मला सगळंच ठाऊक."

माइलो खाली बसला होता. "इर्मा... मग मी पाच दिवस काय प्यायलो?"

"डॉक्टरांनी बंद केलं होतं तेच. ऊठ." तिने त्याच्या काखेत हात घातला. "ऊठ ना रे!"

ऑर्विलने त्याला उचलून गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी शेरीफने, तिथल्या पोलीसप्रमुखाने, ब्रदरच्या तंबूची झडती घेतली तेव्हा बादलीत त्रेसष्ट बाटल्या निघाल्या. कुणाची साखरेची, कुणाची रक्तदाबाची, एक तर लहान मुलीच्या फिटची.

माइलो नऊ दिवसांनी घरी आला. वाचला, पण त्याला पूर्वीइतकं चालता आलं नाही, पुढेही येणार नव्हतं. अंगणात व्हिनेगर-पाण्याने धुऊन, वाळवून, लाल रंगवलेलं दार उभं होतं. त्याने नख लावून पाहिलं. रंग सुटला नाही.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "नुसतं एवढंच, की कसं केलं."

पुढल्या महिन्यात इर्माने ऑर्विलबरोबर सोडा मारायचं एक जुनं यंत्र घेतलं आणि दुकानावर पाटी लावली. गावात येणारा-जाणारा अजून ती वाचतो:

‘सोडा मारून रंग आणि गंज काढून मिळेल. समोर उभं राहून पाहा, वाटेल ते विचारा. पडदा नाही.’