उंबरठ्यावरचं पोतं

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास आशाबाई फिनेलची बादली घेऊन बाळंतिणीच्या खोलीशी आली आणि दारातल्या पोत्यावर पाणी ओतता ओतता थांबली. पोत्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता.

अंगणात बोट बुडेल एवढी धूळ होती. सकाळपासून या दारातून किती तरी वेळा ये-जा झाली होती. ओल्या पोत्यावर एव्हाना चिखल व्हायला हवा होता. पोतं मात्र पहाटे अंथरलं तसंच होतं, काळंभोर आणि स्वच्छ.

मार्कंड्याच्या जत्रेहून परतणाऱ्या माणसांत पटकी उठली, तेव्हा वैनगंगेकाठच्या या गावात शाळेचाच दवाखाना करावा लागला. लांब वर्गात रोगी होते. अंगणापलीकडे मास्तरांची लहान खोली होती. दसरू नावाचा म्हातारा बैलगाडीतच ओकत आला, आणि त्याच गाडीत त्याच्या बहिणीची सून सोमारी कळा देत होती. तिला ठेवायला दुसरं छप्पर नव्हतं. बुधवारी दिवेलागणीला तिला मुलगी झाली. सलाईन संपत आलं होतं, म्हणून डॉक्टर त्याच रात्री ट्रकने चांद्याला गेले. जाताना त्यांनी आशाबाईला एकच बजावलं : या वर्गातली घाण त्या खोलीत जाता कामा नये. पटकी झाली तर ओली बाळंतीण तग धरायची नाही, आणि आई गेली तर पोरही जगायचं नाही.

आशाबाई आरमोरीची. सुईणपणाचं सरकारी शिक्षण घेतलेली, हाताची स्वच्छ. तिने खोली सारवून घेतली, हात धुवायला घमेलं ठेवलं आणि फिनेलमध्ये भिजवलेलं पोतं घडी घालून थेट उंबरठ्यावर टाकलं. आत जायचं तर त्याच्यावरूनच जावं लागेल, असा तिचा हिशेब.

"बुधरीबाई!" तिने हाक मारली.

सोमारीची सासू बाहेर आली. येताना तिने लुगडं किंचित उचललं, ढांग टाकली आणि पोत्याला पाऊलही न लावता अंगणात उतरली.

"तुमाले सांगतलं होतं ना, पोत्यावर पाय पुसून जा म्हणून?"

"सांगतलं होतं. पण उंबरठा हाय तो, बाई. उंबरठ्यावर पाय ठेवते का कोणी? त्यातून बाळंतिणीचं घर. पोतं टाकायच्या आधीच मी हळदीची बोटं ओढली त्याच्यावर."

"मग पोतं कायले टाकलं मी?"

"राखणीले." बुधरीला प्रश्नच खुळचट वाटला. "आमी नाई का दारात लिंबाचा डहाळा खोसत? तसंच हे तुमचं सरकारी. वासच असा मारते का भुताच्या बापाले आत यावं वाटणार नाई."

झाडाखाली बसलेला कोलू, सोमारीचा नवरा, हसला. "मलेच आत यावं वाटत नाई, माय."

"तू तसाबी येत नाई. नाळ पडेपर्यंत बस तिथीच," म्हातारी त्याच्यावर खेकसली.

आशाबाई हसली नाही. बुधरी पहाटेपासून भावाला पाणी पाजायला वर्गात जात होती. त्याची ओकारी तिनेच पुसली होती. ते पाय घेऊन ती खोलीत आली होती. सोमारी खाली चटईवर निजलेली. पोरीची दुपटी जमिनीवर पडायची, तीच उचलून सोमारी स्वतःचंही तोंड पुसायची.

"अवो बुधरीबाई! मग तुमी पोत्यावर पाय ठेवत नाई, हे मले काऊन नाई सांगतलं?"

"का सांगू?" बुधरी म्हणाली. "तुमीबी ढांग टाकूनच येता ना. मी पाह्यलं. म्हटलं, बाई शिकली हाय, पण रीत सोडली नाई. तुमचं पाहूनच मीबी निर्धास्त झाली."

आशाबाईने खाली पाहिलं. तिच्या चपलांच्या तळाला टायरच्या जाड खाचा होत्या. तो ठसा कुठेही ओळखू आला असता. पोत्यावर तो नव्हता. रोगी तपासून ती चार-पाचदा तरी या खोलीत आली होती, हातात ट्रे, नजर बाळंतिणीवर, आणि पाय आईच्या घरी लहानपणी शिकवल्याप्रमाणे आपसूक वर उचललेला.

मग तिने पोतं ओढून उंबरठ्याच्या आत, जमिनीवर पसरलं. ढांग टाकली तरी पाऊल त्यावरच पडेल एवढं लांब.

"कोलूभाऊ, चुलीवर हंडा ठेवा. आतली सारी धडुती उकळा लागते. आन् बुधरीबाई, आतापासून एकच दार. वर्गाचं, नाई तर हे."

"तिकडं माझा भाऊ पाणी मागून राह्यला."

"त्याले कोलूभाऊ पाजन."

"आन् तुमी? तुमी दोन्हीकडं जाता ते?"

वर्गात दुसरी नर्स नव्हती. आशाबाईने चपला काढून अंगणातच ठेवल्या. "मी बाहेरूनच पाहीन. बोलावलं तरच येईन."

बुधरी वर्गाकडे बघत राहिली. आतून दसरू तिचं नाव घेत होता. मग तिने हात घमेल्यात बुडवले, घासघासून धुतले आणि खोलीत गेली. या वेळी तिचं पाऊल ओल्या पोत्यावर पडलं, आणि चटका बसावा तसं तिने तोंड केलं.

दुपारभर आशाबाई वर्गातून अंगणात येई, दाराशी उभी राही आणि विचारी, "काय करते?" आतून उत्तर येई, "निजली हाय." "पोर पेते हाय." एकदा सोमारी स्वतःच म्हणाली, "बाई, वास लय येते." तिचा आवाज ठणठणीत होता. आशाबाईला तेवढंच पुरेसं वाटलं.

उन्हं कलली तेव्हा बुधरी दारात आली.

"सोमारीले जुलाब झाला. एकच."

"कसा?"

"पातळ." म्हातारी घुटमळली. "पण म्या दुपारी तिले एरंडीचं तेल देल्लं होतं. बाळंतिणीले देतोच आमी. त्याचाबी असंल."

"मले न विचारता?"

बुधरी दारातून बाजूला झाली.

आशाबाई पोत्यावर दोन्ही पावलं रोवून उभी राहिली. फिनेल बोटांच्या बेचक्यात झोंबेपर्यंत हलली नाही. मग हात धुऊन आत गेली आणि सोमारीचं मनगट धरलं. हात कोमट होता. नाडी लागत होती, जरा जलद. सोमारीने पाणी मागितलं. तहान पटकीतही लागते आणि एरंडीच्या जुलाबातही.

पोर आईजवळ ठेवायची की उचलायची, हे आशाबाईला ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांचा ट्रक चांद्याहून अजून आला नव्हता. पोर अंगावर पीत होती.