कालव्याकडच्या गोलमागचा कठडा

चहाचा कप माझ्यावर ठेवताय? ठेवा, ठेवा, सगळेच ठेवतात. फक्त तो निवेपर्यंत माझं जरा ऐकून घ्या. मी कठडा बोलतोय. थॉर्नबेक टाउन फुटबॉल क्लबच्या मैदानात, कालव्याकडच्या गोलमागे, पायऱ्यांच्या मधोमध रोवलेला लोखंडी कठडा.

माझा जन्म इथून हाकेच्या अंतरावरच्या ओतशाळेत झाला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. शनिवारी इथे एवढी गर्दी लोटायची, की मागच्यांच्या रेट्याने पुढचे चेंगरतील अशी धास्ती वाटे. तो रेटा अडवायला मला इथे आणलं. ज्यांनी मला ओतलं, घासलं, तीच माणसं शनिवारी दुपारी माझ्यावर येऊन रेलायची. लहानाचा मोठा केलेल्या मुलाच्या खांद्यावर बापाने हात टाकून उभं राहावं, तसं मला वाटायचं.

पुढे ओतशाळा बंद पडली. गर्दी ओसरली. संघ एकेक पायरी उतरत जवळजवळ तळाच्या साखळीत जाऊन बसला. आता अडवायला रेटाच नाही. कोपर टेकायला, कप ठेवायला आणि रेफरीच्या नावाने बोटं मोडताना मुठी आपटायला मी उपयोगी पडतो. माझी तक्रार नाही. गंजत पडण्यापेक्षा मुठी खाल्लेल्या बऱ्या.

तळाच्या फुटबॉलची एक मजा आहे. इथे पाहुण्या संघाच्या माणसांना वेगळं कोंडून ठेवत नाहीत. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतो, त्या गोलमागे आपण उभं राहायचं. मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या, की आपणही सॉसेज रोल सावरत मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचं. वाटेत चहाच्या टपरीपाशी दोन्हीकडची माणसं समोरासमोर येतात, एकमेकांना चिमटे काढतात आणि आपापल्या वाटेने जातात. दुसऱ्या अर्ध्यात आपला हल्ला कालव्याकडे असावा, ही आमच्या संघाची जुनी आवड. म्हणजे पहिल्या अर्ध्यात मी पाहुण्यांचा, दुसऱ्या अर्ध्यात आपल्यांचा. दोन्हीकडचं ऐकून घ्यायची मला सवयच लागली आहे.

माझ्यावर सगळ्यात जास्त हक्क सांगतात डोरीन आणि नेव्हिल. सख्खी भावंडं, दोघंही सत्तरीला टेकलेली. डोरीनने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं आणि नेव्हिलने बस चालवली. त्यांचे वडील त्यांना पहिल्यांदा घेऊन आले, तेव्हा दोघांची हनुवटीसुद्धा माझ्यापर्यंत पोचत नव्हती. तेव्हापासून लग्नं, बाळंतपणं, आजारपणं सोडली तर दोघं इथेच, खांद्याला खांदा लावून. भांडायचीही इथेच. पण ती भांडणं गोलकीपरवरून, नाहीतर सॉसेज रोलवर मोहरीची चटणी कमी पडली म्हणून. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ती विरून जायची.

गेल्या हिवाळ्यात मात्र निराळं झालं. आमचे मालक हॅलिवेल, गावात स्वयंपाकघरातली कपाटं बनवणारे. मनाने वाईट माणूस नाही, पण थकला होता. त्यांनी जाहीर केलं की आता हा गाडा मला ओढवत नाही. क्लब मागणारे दोघे होते. एक बांधकाम कंपनी. ती या मैदानावर घरं बांधणार आणि संघाला शेजारच्या गावात, उसन्या मैदानावर खेळवणार. दुसरी आमच्याच चाहत्यांची संघटना. तिच्याकडे हौस होती, बाकी सगळी बोंबच. हॅलिवेल म्हणाले, "मार्चच्या शेवटच्या शनिवारी सामन्यानंतर क्लबच्या हॉलमध्ये जमा. बहुसंख्यांनी हात वर करून जबाबदारी घेतली तर क्लब तुमचा. नाहीतर मी कंपनीला देऊन मोकळा."

म्हणजे कंपनी आली तर संघ गावाबाहेर आणि मी भंगारात. म्हणून माझे कान त्या वादाकडेच लागलेले असत.

डोरीन संघटनेच्या बाजूने होती. नेव्हिल विरुद्ध, आणि एकटा नव्हे. बसच्या डेपोतले त्याचे जुने सोबती त्याच्या तोंडाकडे बघून मत ठरवायचे.

"आपण क्लब चालवणार?" तो हसला. "तुमच्या संघटनेला बिंगोची संध्याकाळ धड जमत नाही. गेल्या वेळी आकडे काढायचं यंत्रच घरी विसरलात."

"एकदाच विसरलो!"

"एकदाच भरवली होती."

"आणि तुझी ती कंपनी? घरं बांधून झाली की संघाला वाऱ्यावर सोडेल."

"निदान खेळाडूंना पगार तरी देईल."

"पगार घेऊन हरायचं ना? ते इथे राहूनही जमतंय की."

लोक हसले. एरवी तोही हसला असता. त्या दिवशी त्याला ते झोंबलं. शब्दाने शब्द वाढला. बाबा असते तर तुझी अक्कल बघून त्यांनी कपाळाला हात लावला असता, असं तो म्हणाला. सामना संपायच्या आतच डोरीन घरी गेली.

त्यानंतर बोलणं बंद. आणि नेव्हिलचा हट्ट असा, की बहिणीचं तोंड दिसू नये म्हणून तो उलट्या टोकाला उभा राहू लागला. पहिल्या अर्ध्यात आपली माणसं पलीकडे, तर हा माझ्यापाशी, पाहुण्यांच्या घोळक्यात. मध्यंतरात डोरीन माझ्याकडे यायला निघाली, की हा पलीकडे चालू पडायचा. टपरीपाशी गाठ पडायची. ती कपात बघायची, हा आभाळात. आपल्याच संघाच्या हल्ल्याकडे पाठ फिरवून उभा राहणारा चाहता मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

पण मला दोघंही भेटायची, अर्धा-अर्धा सामना. नेव्हिल कोपर टेकायचा तो उजवीकडे बहिणीपुरती जागा सोडून. डोरीन यायची ती डावीकडे भावापुरती जागा सोडून. दुसरं कुणी तिथे घुसलं, की दोघंही त्या माणसाकडे अशी बघत की तो सॉरी म्हणून सरके. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. तुमच्याशी आज बोलतोय, तसं त्यांच्याशी कधी साधलं नाही. फार वाईट वाटायचं.

मार्चचा शेवटचा शनिवार आला. पाहुणे होते मॉसगिलचे. त्यांचा कप्तान नाणेफेक जिंकला आणि त्या पठ्ठ्याने बाजूच उलटी मागितली! पहिल्या अर्ध्यातच आमचा हल्ला कालव्याकडे. आपली माणसं पलीकडच्या टोकाला ऐसपैस उभी राहिली होती. त्या कप्तानाचा उद्धार करत सगळी वळसा घालून माझ्याकडे आली. डोरीनही आली.

नेव्हिल तेव्हा टपरीच्या रांगेत होता, मैदानाकडे पाठ करून. त्याला यातलं काहीच कळलं नाही. काठोकाठ भरलेला कप सांडू नये म्हणून कपावर नजर ठेवून तो सवयीने माझ्यापाशी आला, कोपर टेकलं आणि मान वर केली. शेजारी बहीण.

"बाजू बदलल्यात," डोरीन समोर बघत म्हणाली.

"दिसतंय." तो जायला वळला, पण मागे माणसं दाटली होती. वर कप भरलेला. अडकला बिचारा.

मग डोरीननेच विचारलं, "पाहुण्यांत करमतं का रे?"

"माणसं चांगली असतात. काही क्लब तर त्यांच्या माणसांनीच चालवायला घेतलेत."

"मग? काय म्हणतात ती?"

"म्हणतात, सगळं ठीक आहे. फक्त मालकाला शिव्या घालायची सोय राहत नाही."

डोरीनला हसू आलं. तिने ते दाबलं. नेव्हिलला मात्र हसू आलं नव्हतं.

"मला भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याने बुडवला तर निदान त्याच्या नावाने खडे फोडता येतात. आपल्या हातून बुडाला तर? बाबांनी आपल्याला इथे आणलं आणि आपणच याला कुलूप लावायचं? त्यापेक्षा त्या कंपनीच्या हातून मेलेला परवडला."

एवढ्या दिवसांत हे तो पहिल्यांदाच बोलला. मला वाटलं होतं, त्याला चाहत्यांवर भरवसा नाही. त्याला स्वतःवरच नव्हता.

"मलाही भीती वाटते," डोरीन म्हणाली. "तुला काय वाटलं, मी रात्री घोरत पडते? पण बुडायचाच असेल तर दोघं मिळून बुडवू. मला एकटीला तेही जमायचं नाही."

तेवढ्यात आमच्या पुढच्या फळीतल्या पोराच्या पाठीला लागून चेंडू गोलमध्ये गेला. त्याचं लक्षही नव्हतं. पण गोल तो गोल! दोघांनी मिळून मला असं बडवलं की माझे जुने बोल्ट खिळखिळे झाले. दोन महिन्यांनी चार हात एकदम पडले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मध्यंतराची शिट्टी झाली. आपली माणसं पलीकडे निघाली. डोरीनने पिशवी उचलली आणि मागे न बघता चालू लागली. नेव्हिल जागचा हलेना. त्याच्या रिवाजाप्रमाणे त्याने आता इथेच, पाहुण्यांत थांबायचं होतं. मॉसगिलचे लोक येऊन माझ्याभोवती जमू लागले. एकाने त्याला ओळखून जागाही करून दिली.

"नको," नेव्हिल त्याला म्हणाला. "आज माझी माणसं तिकडे आहेत." आणि गुडघे दुखत असतानाही तो लगबगीने तिच्यामागे गेला.

हॉलमधली सभा मला दिसली नाही. खिडक्यांत दिवे लागले, बराच वेळ खुर्च्या सरकल्या, आणि मग एवढ्या टाळ्या झाल्या की कालव्यावरची बदकं उडाली. काय ते मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसं ब्रश आणि डबे घेऊन हजर. नेव्हिल तारेचा ब्रश घेऊन थेट माझ्यापाशी बसला आणि गंज खरवडू लागला.

"काल तू हात एवढा उशिरा आणि एवढासाच वर केलास," डोरीन म्हणाली, "मला वाटलं, कान खाजवतोयस."

"वर केला ना? तुझ्यासारखं झेंडा फडकवल्यागत करायलाच हवं होतं का? तो रंग इकडे दे."

त्या मोसमात आम्ही कसेबसे तरलो, आणखी खालची पायरी उतरावी लागली नाही. नव्या मोसमाची सुरुवात मात्र दोन पराभवांनी झाली. नवा गोलकीपर हवा आहे, पलीकडचं छप्पर गळतं, आणि संघटनेच्या प्रत्येक बैठकीत वादावादी होते. नेव्हिल आता समितीवर आहे. मागच्या शनिवारी आमच्यावर तिसरा गोल झाला तेव्हा तो सवयीने मालकांच्या खुर्चीकडे वळून ओरडला, "अरे, काय चाललंय काय या क्लबात?" खुर्ची रिकामी होती.

"माझ्याकडे बघून ओरड," डोरीन म्हणाली. "आणि ओरडून झालं की मीही तुझ्यावर ओरडणार आहे."

मी म्हातारा झालोय, पण रंग नवा आहे आणि बोल्ट घट्ट आवळलेले आहेत. शनिवारी नक्की या. आम्ही जिंकू असं वचन काही मी देत नाही. हरलो तर तुम्हीही मनसोक्त ओरडा. ज्याने ऐकायला हवं, तो आता माझ्यावरच रेलून उभा असतो.