दादाने भरलेलं पाणी

घरात त्याला सगळे अर्धा इंच म्हणत. स्प्रिंकलरच्या सगळ्यात बारक्या फिटिंगचं माप तेवढंच असतं, आणि हे नाव ठेवणारा त्याचा दादा स्वतः चांगला सहा फुटी होता. दोघे भाऊ मिळून इमारतींच्या छतांतून पाईप फिरवत, ठरावीक अंतरावर आग लागली की पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवत. "आपला धंदा जगावेगळा," दादा म्हणायचा, "माल विकायचा आणि तो कधी वापरला जाऊ नये म्हणून जन्मभर हात जोडायचे."

मग दादा तापाने गेला. आगीने नाही, शिडीवरून पडून नाही, तापाने. डॉक्टर म्हणाले, एकशे चार होता. अर्ध्या इंचाने मनातल्या मनात त्याचं सेल्सिअस केलं, तर चाळीस आलं. स्प्रिंकलरमधलं पाणी अडवून धरणारी काचेची कुपी अडुसष्टला फुटते; चाळीसला हूं की चूं करत नाही. एवढ्याशा आकड्यावर सहा फुटी माणूस जातो, हे त्याला नुसता हिशेब म्हणूनही पटलं नाही.

दादाचं शेवटचं काम गाद्यांच्या दुकानातलं. पाईप त्याने स्वतः भरला, टोकाकडून हवा काढली, व्हॉल्व्ह पक्का केला आणि "आता मालाची तपासणी" म्हणत दुकानातल्या सगळ्यात महागड्या गादीवर बुटांसकट आडवा झाला. मॅनेजर ते अजून विसरला नव्हता. आणि पाणी अजून तिथेच होतं. या पाईपांतलं पाणी वाहत नाही. एकदा भरलं की आग लागेपर्यंत, नाहीतर कुणी रिकामं करेपर्यंत छतात बसून राहतं. बाकीच्या इमारतींतले पाईप या ना त्या दुरुस्तीत रिकामे होऊन गेले होते. दादाच्या हातचं पाणी एवढ्याच छतात उरलं होतं.

अर्धा इंच तपासणीला यायचा, प्रेशर गेजच्या काचेवर नखाने टिचकी मारायचा आणि हळूच विचारायचा, "ठीक आहेस ना?" काटा जरासा थरथरायचा आणि परत सातावर यायचा. मग तो अहवालात 'समाधानकारक' असं लिहून घरी जायचा.

असं छान चाललेलं असताना मॅनेजरला नवे दिवे लावायची हौस आली.

"छत वीतभर खाली घ्यायचंय. तुमचे स्प्रिंकलर तेवढे खाली सरकवा."

"त्यासाठी पाईप रिकामा करावा लागेल."

"मग करा ना."

"आत्ता नाही जमणार. पाणी अजून मुरतंय."

मॅनेजर दचकून छताकडे बघायला लागला. "मुरतंय? कुठे? अहो, खाली एवढ्या गाद्या आहेत!"

पुढच्या वेळी अर्ध्या इंचाने हवा दमट असल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी सांगितलं की रिकामा पाईप भुकेने आकसतो. तेव्हा मात्र मॅनेजरने ऑफिसला फोन लावला. ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल, आणि दादा गेल्यापासून तिथला फोन वहिनी उचलत. त्या तडक दुकानात आल्या.

"भावजी, पाईप आकसतो?"

"थोडाफार."

"तुमच्या दादापुढे बोलला असतात का असं?"

अर्धा इंच छताकडे बघत राहिला. "वहिनी, यात त्याने भरलेलं पाणी आहे. हे गेलं की संपलं."

वहिनी जवळच्या गादीवर मटकन बसल्या. प्लास्टिक करकरलं.

"ती ऑर्थोपेडिक आहे," मॅनेजर म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

"ह्यांच्या उशीचा अभ्रा मी अजून धुतलेला नाही," वहिनी म्हणाल्या.

"वास येतो त्याचा?"

"आधी यायचा. मग मीच रोज नाक खुपसून खुपसून तो संपवला. आता माझ्याच तेलाचा येतो."

"मग धूत का नाही?"

"तुम्ही पाईप का रिकामा करत नाही?"

वहिनीच उठल्या. "मी उघडते. व्हॉल्व्ह कुणीकडे फिरवायचा?"

"डावीकडे. हळू."

मागच्या दारातून गल्लीत नळी सोडली होती. अर्धा इंच तिच्या तोंडाशी उकिडवा बसला. नळी एकदा खोकली आणि पाणी आलं. काळंकुट्ट, सडक्या अंड्यांच्या वासाचं. गिऱ्हाइकं घाबरली की तो स्वतः समजूत घालायचा, "काही नाही हो, पाणी थांबून राहिलं की असंच होतं." आज त्याची समजूत घालायला कुणी नव्हतं.

त्याने पिशवीतून बाटली काढली, भरली, नाकाशी नेली. दादा असता तर म्हणाला असता, अर्ध्या इंचा, अत्तर आहे का ते? त्याने बाटली परत उपडी केली.

पाणी भिंतीच्या कडेने उताराला लागलं. तो त्याच्या बाजूने चालायला लागला. पाणी खड्ड्यात थांबलं की थांबायचा, खड्डा भरून ते पुढे निघालं की निघायचा. एका स्कूटरवाल्याने पाय वर घेतले. कुणीतरी धाडकन खिडकी लावली. कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीपर्यंत तो पाण्याला सोडायला गेला आणि शेवटची धार आत जाईपर्यंत उभा राहिला.

मागून नाकाला रुमाल लावून वहिनी आल्या. "गेलं?"

"गेलं."

"किती घाण वास आहे. डोळ्यांत पाणी येतं."

"हो ना," अर्धा इंच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत स्प्रिंकलर वीतभर खाली आले आणि त्यांच्या शेजारी नवे दिवेही लागले. अर्ध्या इंचाने पाईप भरला, टोकाकडून हवा काढली, व्हॉल्व्ह पक्का केला आणि गेजपाशी आला. काटा सातावर. निदान साडेसहा तरी दाखवायचं होतं त्याने. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा जरासा थरथरला, तसाच, आणि परत सातावर आला.

"काय, सगळं पहिल्यासारखं?" मॅनेजरने विचारलं.

"अगदी पहिल्यासारखं," अर्धा इंच म्हणाला. तो चालत सगळ्यात महागड्या गादीपर्यंत गेला आणि भिजलेल्या बुटांसकट तिच्यावर आडवा झाला. मॅनेजरने तोंड उघडलं. मग त्याचा चेहरा बघून मिटलं आणि जाऊन नवे दिवे विझवले.