खरवसातली सातवी गाठ

डॉ. संयोगितानं दहा वर्षं खपून सोनोग्राफीतल्या बारीक गाठी ओळखणारा प्रोग्राम लिहिला होता. चाचणीला मांसासारखं मऊ काहीतरी हवं, म्हणून आईकडून, बयाबाईंकडून, तिनं खरवस करून घेतला. आत स्वतः मोजून सहा शेंगदाणे टाकले.

प्रयोगशाळेत प्रोग्रामनं गाठी दाखवल्या सात! तीनदा तपासलं, तरी सातच.

"दहा वर्षं पाण्यात गेली!" ती कडाडली.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बयाबाईंनी त्याच खरवसाच्या निवांत वड्या पाडल्या. "झालं न्हवं तपासून? खा आता."

दुसऱ्याच घासाला संयोगिताच्या दाताखाली अख्खा वेलदोडा आला.

"आई, ही सातवी गाठ! कुणी टाकला हा?"

"मीच की. एवढ्या शिकलेल्या मशिनीला बिनवेलदोड्याचा खरवस द्यायचा व्हय?"