थोताऊचं वजन वाढलं तेव्हा

जुनी म्हणा हवं तर, पण मोडकी म्हणू नका. मी लुकांग गावातल्या चहाच्या दुकानातली पितळी तागडी आहे आणि माझी दांडी आजही सरळ आहे. मित्रांनो, वयाने तुम्ही माझी पतवंडं शोभाल, तेव्हा मध्येमध्ये बोलू नका. सांगते ते ऐका.

देवळामागच्या गल्लीतल्या एका तांबटाने मला घडवलं. माझी दोन्ही पारडी त्याने ठोकून ठोकून अशी सारखी केली, की रिकामी असताना काटा केसभरही कलत नसे. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी मला आणलं आणि पुढे त्यांची सून शिऊ-खिम माझी मालकीण झाली. आज ती सत्तरीची आहे. सगळी गल्ली तिला आमा म्हणते, म्हणजे आजी. तिच्या हाताखाली मी चाळीस वर्षं चहा तोलला. लग्नाचा चहा, देवापुढचा चहा, नव्या वर्षाला पाहुण्यांना द्यायचा चहा. गिऱ्हाइकं म्हणायची, "आमाच्या तागडीपुढे डोळे मिटून उभं राहावं." राहावंच. मी जन्मात कुणाला पानभर कमी दिलं नाही.

मग आमाच्या मुलाने विजेचा काटा आणला. तो लाल आकडे दाखवतो आणि टूं टूं करतो. मला वरच्या फळीवर रिकाम्या डब्यांच्या रांगेत बसवलं. सहा वर्षं मी धूळ खाल्ली. रुसले होते, खोटं कशाला सांगू?

खाली उतरले ती एका गिनीपिगमुळे. आमाची नात पेई-रोंग शिकायला जपानला गेली आणि जाताना आपला गिनीपिग आजीच्या गळ्यात घालून गेली. तपकिरी अंग, पाठीवर पांढरा पट्टा, वय चार वर्षं. नाव थोताऊ, म्हणजे भुईमुगाची शेंग. "उंदीर सांभाळायचं वय आहे का माझं?" असं आमा आठवडाभर बोलत राहिली. दुसऱ्या आठवड्यात त्याची भाजी ती स्वतः निवडून आणू लागली.

दर रविवारी त्याचं वजन करायचं, असं नातीने बजावलं होतं. विजेच्या काट्यावर ठेवला, की टूं टूं ऐकून तो उडी मारायचा आणि आकडे नाचायचे. शेवटी आमाने मला उतरवलं, लखलखीत घासलं, पारड्यात फडकं अंथरलं आणि त्याला बसवलं. तो बसला. काटा थांबला. एक हजार साठ ग्रॅम.

"बघ, शहाणी माझी," आमा म्हणाली. सहा वर्षांनी माझं कौतुक झालं.

शरद ऋतूत थोताऊचं वजन घटू लागलं. आधी भाजीची पिशवी वाजली, की तो शिट्टी मारत दाराशी यायचा. आता तो कोपऱ्यात अंग फुगवून बसू लागला. पानाचा देठ अर्धा खायचा आणि मान फिरवायचा. एक हजार दहा भरला तेव्हा आमाने ठरवलं, की थंड भाजीने पोटात गारठा धरलाय. कोबी बंद झाला. पिंजऱ्यावर गोधडी आली. तिच्या सासूने तिला हेच शिकवलं होतं, आणि आमाच्या सासूचं कधी चुकत नसे, निदान सासू जिवंत असेपर्यंत तरी.

आणि वजन वाढलं. एक हजार चाळीस. पुढच्या रविवारी एक हजार ऐंशी. मग एक हजार एकशे वीस.

"तुझी शेंग भरली बघ," आमाने फोनवर नातीला सांगितलं. "माझ्या हाताला गुण आहे."

"आमा, तो खातोय का नीट?"

"खाल्ल्याशिवाय वजन वाढतं होय? तू तिथे नीट खा. गेल्या खेपेला गालफडं बसली होती तुझी."

मित्रांनो, मी खरंच सांगत होते. एक हजार एकशे वीस म्हणजे तेवढेच. पण मला आणखी एक गोष्ट कळत होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. पूर्वी तो पारड्यात बसला, की काटा थांबायचा. आता काटा थांबतच नसे. त्याच्या श्वासासरशी तो थरथरायचा, भराभर, एकसारखा. त्याच्या कुशी भात्यासारख्या चालायच्या. मधूनच तो बारीक हुंकार द्यायचा आणि आमाला वाटायचं, लाडाने बोलतोय. त्याच्या पायाचे तळवे फडक्यातूनही मला गार लागायचे.

डिसेंबरात लिम नावाचा मळेवाला डोंगरावरून हिवाळी चहा घेऊन आला. आमाने नेहमीचा डबा काठोकाठ भरला आणि पारड्यात ठेवला. दुसरं पारडं वर गेलं. तिने आणखी वजन टाकलं.

"डबा तोच, चहा तेवढाच. मग जड कसा?"

"यंदा माल कसदार आहे, मालकीणबाई."

आमाने वळलेल्या चहापानाची एक गोळी नखाने दाबली. गोळी फुटली नाही, दबली. "कस नाही हा, लिम. ह्याने पाणी प्यायलंय. कोरडा चहा कटकन मोडतो."

"वाटेत पाऊस लागला हो. थोडी ओल बसली असेल."

"मग नेऊन पुन्हा भाज. पाणी मी माझ्या नळाचं पिते, तुझं विकत कशाला..."

तिचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. तिने डब्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे. उठली आणि थोताऊला दोन्ही हातांत घेतलं. अंगठा पाठीवरून फिरवला. पाठीची हाडं मण्यांसारखी एकेक हाताला लागली. खाली पोट मात्र भरल्या पखालीसारखं ताणलेलं होतं.

"लिम, गाडी काढ."

"आत्ता? माझा चहा..."

"तुझा चहा भिजलाय तेवढा पुरे. काढ गाडी."

ताइचुंग शहरात लहान प्राण्यांची डॉक्टर होती. तिचा पत्ता पेई-रोंग पिंजऱ्याला चिकटवून गेली होती. आमाने थोताऊला टोपलीत घेतलं आणि मला फडक्यात गुंडाळून मांडीवर. दुसऱ्याच्या काट्यावर तिचा भरवसा नव्हता.

"ह्यांचाही डॉक्टर असतो?" लिमने वाटेत विचारलं.

"असतो. तुझ्या चहाचा असता, तर तुलाही आत नेला असता."

डॉक्टर च्वांग पंचविशीची दिसत होती. आमाने मला टेबलावर मांडलं तेव्हा ती म्हणाली, "आमा, आमच्याकडे काटा आहे."

"असू दे. हिला त्याची सवय आहे आणि त्याला हिची."

डॉक्टरने तिचाही काटा लावला. आम्ही दोघांनी एकच आकडा सांगितला, हे मी मुद्दाम सांगते. मग तिने इवलीशी नळी थोताऊच्या छातीला लावली आणि बराच वेळ ऐकलं. हिरड्यांचा रंग पाहिला, कान चाचपले. छातीचा फोटो काढला. दिव्यापुढे तो धरून तिने आमाला दाखवलं.

"हे हृदय. केवढं मोठं झालंय पाहा. ते थकलंय, रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय. म्हणून पाणी मागे साचतंय, पोटात आणि फुप्फुसांपाशी."

"म्हणजे तो भरला नव्हता."

"नाही. अंगाने वाळलाय आणि वरून पाणी चढलंय. पुष्कळ लोकांना वाटतं, सर्दी झालीय किंवा म्हातारा झालाय. वजन घटलं, की लोक येतात. वाढलं म्हणून धावत येणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"धावत नाही आले. चहाच्या गाडीतून आले," आमा म्हणाली. मग विचारलं, "वाचेल का?"

"हृदय पहिल्यासारखं होणार नाही. पण औषधाने पाणी उतरलं, तर त्याला चांगले दिवस मिळतील. हे तीन-चार दिवस महत्त्वाचे."

एक औषध पाणी काढायचं, एक हृदयाला बळ द्यायचं. दोन्ही वेळा, सुई नसलेल्या पिचकारीने, गालाच्या कडेने, थेंबथेंब.

"पाणी साचलंय, तर प्यायचं पाणी बंद करते," आमा म्हणाली.

"मुळीच नाही. पाणी समोर हवंच. आणि त्याला कधी उताणं धरू नका, जीव गुदमरेल. पिंजऱ्यावर गोधडी घातली असेल, तर तीही काढा. वजन रोज सकाळी, एकाच वेळेला. झोपला असेल तेव्हा श्वास मोजा. श्वास वाढला किंवा वजन एकदम चढलं, तर मला फोन करा."

दुसऱ्या सकाळी एक हजार एकशे दहा. तिसऱ्या सकाळी पुन्हा एक हजार एकशे वीस, आणि काटा असा थरथरत होता की आमाने डोळे मिटले. मग दुकान उघडायच्या आधीच तिने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरने औषध वाढवलं. आमाने त्या दिवशी कुणाला चहा विकला नाही. पिंजऱ्याशी स्टूल टाकून ती त्याचे श्वास मोजत बसली. शाळेत ती दोनच वर्षं गेली होती, पण मोजण्यात तिला कुणी फसवलेलं नाही.

चौथ्या सकाळी एक हजार ऐंशी. फडकं ओलं, पिंजरा ओला, आणि आमा आनंदाने भुसा बदलत होती. सहाव्या सकाळी एक हजार तीस. आठव्या सकाळी नऊशे ऐंशी, आणि काटा थांबला. नुसता थांबला.

"आमा, नऊशे ऐंशी?" फोनवर नातीचा आवाज रडवेला झाला.

"रडू नकोस. उतरलं ते पाणी. आता राहिलाय तो आपला आहे, त्याला मी भरवीन. आणि माझं चुकलं होतं, तेही ऐकून ठेव. पुन्हा सांगणार नाही."

तिने भरवला. वाळलेलं गवत, ढोबळी मिरची, आणि बंद केलेला कोबीही. मांस हळूहळू चढलं, आठवड्याला पाच-सात ग्रॅम. आमा रोज आधी माझा आकडा पाहते आणि मग त्याच्या पाठीवर अंगठा फिरवते. पहिल्याने मला ते लागलं. चाळीस वर्षांत माझ्या आकड्यावर तिने दुसरा पुरावा मागितला नव्हता. पण मी किती ते सांगते, कशाचं ते मला कळत नाही, आणि हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. औषधं चालू आहेत. ती थांबणार नाहीत आणि एक ना एक दिवस ती पुरी पडेनाशी होतील, हे आमाला ठाऊक आहे. आज सकाळी तो एक हजार पंचवीस भरला आणि पारड्यातून उतरताना आमाच्या बाहीचं बटण चावून गेला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी असा मुका जीव असेल, तर त्याचं वजन नेमाने करा. घटलं तर विचारा का, आणि वाढलं तरीही विचारा का. पाठीवर हात फिरवा, पोट चाचपा, कान गार आहेत का पाहा. हे प्राणी दुखणं लपवतात. रानात आजारी दिसेल तो आधी मारला जातो, म्हणून. तुमच्या घरात त्याला लपवावं लागू नये.

आता जा. तो झोपला असेल, तर त्याच्या कुशीकडे बघत श्वास मोजा. आणि मोजून झाले तरी त्याला उठवू नका.