कोरड्या बेटाची प्रदक्षिणा

बेट म्हंजे काय, हे मला भोरच्या वकिलानं शिकवलं. त्याच्या आदी मला ठाव न्हवतं असं न्हाई. माज्या खोपीमागं कळकाचं, बांबूचं म्हणा, चांगलं दांडगं बेट व्हतं, म्या माज्या हातानं लावल्यालं. पर शिकल्याली माणसं घरी आली म्हंजे आमास्नी ठाव असल्यालं बी पुन्यांदा शिकावं लागतंय.

धरणाचं पाणी चढून आमची जुनी वाडी बुडाली, त्याला तवा नऊ वरसं झाली व्हती. नऊ वरसं आमी खोपीत काढली. वाडी सोडताना लोकांनी जाती आणली, उंबरे आणले. म्या परसातल्या कळकाचा एक गड्डा डोईवर घेऊन आले. सासू म्हणली, येडी का काय ही. पर यंदा त्याच गड्ड्याचे चाळीस कळक तयार झाले, मनगटाएवढे जाड आन् अठरा हात लांब. घराच्या भिंती उभ्या व्हत्या, वर आढं चढलं व्हतं. वासे तेवढे ऱ्हायले व्हते. आन् कळक तोडायचा तर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा लागतोय, न्हाईतर कीड लागून दोन सालांत छपराचा भुसा व्हतोय. वैशाखातला अंधार हुकला, म्हंजे पुढचा येणार ऐन पावसात. एवढंच माजं दुखणं.

तर वैशाखी पुनव झाली आन् दुसऱ्या दिवशी मी कोयत्याला धार लावत बसलेली, तवा आनंदराव पाटील हातात कागद घेऊन आले. तोंड असं का घरात कुणी आजारी पडलंय.

"रतनबाई, कोयता ठेव. भोराहून पत्र आलंय."

त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं, "आम्ही भोर भ्रमण मंडळाचे तीन सभासद आपल्या गावच्या बेटास पायी प्रदक्षिणा घालून बेटावरच तंबूत मुक्काम करणार आहोत. तरी बेटावर कोणाचा राबता नसावा व ते आहे तसे राखावे." खाली सही, केशवराव, वकील.

गावात बेट एकच. माजं.

म्या म्हणलं, "पाटील, वडाला फेरे घालत्यात ते ठाव हाय. कळकाला कोन घालतंय? आन् त्याच्यावर मुक्काम कसा करणार? वाघळावानी उलटं टांगून घेणार का काय?"

"ते त्यांचं त्यास्नी ठाव. वकील हाय, दरबारात उठबस हाय. उद्या तुजं बेटच सरकारजमा करून टाकलं म्हंजे? त्ये येऊन जाईस्तवर एका कळकाला हात लावायचा न्हाई."

"आन् अंधार सरला म्हंजे?"

"म्हंजे सरला," पाटील म्हणले आन् गेले.

आमचं धनी शेजारीच बसलं व्हतं. आमचं धनी म्हंजे देवमाणूस. देवावानीच, समोर कायबी झालं तरी बोलत न्हाईत.

धा दिवस मी त्या बेटाभवती घिरट्या घातल्या. खरं सांगायचं तर पयली प्रदक्षिणा म्याच घातली. रोज सकाळी चंद्राची कोर बारीक झालेली दिसायची आन् मी कोयत्याला पुन्यांदा धार लावायची. एकादशीला तिघं उगवले. सडकेपातूर बैलगाडीनं आले, फुडं चालत. चालत म्हंजे त्ये चालत आन् सामान आमच्या चार गड्यांच्या डोईवर. काय सामान! तंबू, पंपाचा श्टो, लाडवाचे डबे, सतरंज्या, आन् दिशा दावणारं एक यंत्र. आमची वाडी हिकडनं तिकडं हाक मारली तर ऐकू येती, पर वकील दर धा पावलांनी त्या यंत्रात बघायचा आन् म्हणायचा, "उत्तर." जसं का कुणी काय इचारलं व्हतं!

वकील उंच, वाळका, डोईवर साहेबाची टोपी. दुसरा बंडोपंत, त्याच्या गळ्यात फोटूची पेटी. तिसरा कचेरीतला कारकून, जाडा, दर झाडाखाली बसणारा. पाटलांनी त्यास्नी थेट माज्या कळकापुढं आणून उभं केलं. मी आडवी उभी, हातात कोयता.

"हे बेट," पाटील म्हणले.

वकिलानं कळकाकडं बघितलं, पाटलाकडं बघितलं. मग तिघं असे हसाय लागले, असे हसाय लागले का जाड्याला उचकी लागली. वकील डोळे पुसत म्हणला, "अहो पाटील, बेट म्हणजे सगळ्या बाजूंनी पाणी असलेली जमीन! बांबूचं बेट नव्हे. दिवाळीत आम्ही धरणावरून पाहिलं ना, मधोमध हिरवीगार टेकडी."

"मग ह्ये तोडू का?" म्या इचारलं. मला त्यांच्या हसण्याचं काय बी वाटलं न्हाई, बगा. जीव भांड्यात पडला.

"तोडा की, खुशाल तोडा. ते बेट कुठं आहे ते सांगा."

म्या कोयत्यानंच दावलं. "ती देवाची टेकडी म्हणताय व्हय? तितं आता पाणी कुठलं? वैशाखात पाणी उतरतंय. शेळ्या चालत जात्यात."

आन् खरंच, त्याच वक्ताला सोनबाच्या शेळ्या एकामागं एक टेकडीवर चालल्या व्हत्या. खुराला बी पाणी लागत न्हवतं. टेकडीच्या तीन अंगांना धरणाचं पाणी, आन् चौथ्या अंगाला चिखल वाळून झाल्याली चांगली गाडीवाटंएवढी पट्टी.

वकिलाचं तोंड एवढुसं झालं. जाडा लगेच म्हणला, "मग परत जाऊ या." बंडोपंत म्हणला, "परत कसं? ऐतवारी वाचनालयात व्याख्यान आहे. 'बेटाची प्रदक्षिणा' म्हणून हस्तपत्रिका वाटून झाल्यात." वकिलानं यंत्र काढून टेकडीवर रोखलं. मग म्हणला, "तीन बाजूंनी पाणी आहेच. चौथी बाजू ही उन्हाळ्याची चूक आहे."

तिघं चावडीवर जाऊन उन्हाळ्याची चूक कशी दुरुस्त करावी त्याचा इचार करत ऱ्हायले. आमी कळकाला कोयता लावला. सांजपातूर चाळीसच्या चाळीस कळक तोडून, साळून, वळीनं आडवे घातले. त्या राती मला आनंदानं झोप आली न्हाई. अंधारात उठून पुन्यांदा एकदा हात फिरवून आले.

सकाळी वकील दारात. नजर कळकावर.

"तराफा!" म्हणला. "पाण्यातून गेलं की ते बेटच. पाटील, हे बांबू दोन दिवस द्यायला सांगा. एकही कमी होणार नाही, माझा शब्द."

मी न्हाई म्हणलं. पुन्यांदा न्हाई म्हणलं. पाटील मला बाजूला घेऊन म्हणले, "दोन दिवसांनी काय पाऊस पडतोय का? त्यांचा मान ठेव, उद्या आपल्यालाच त्यांच्या दारात कागद घेऊन जायाचंय." आमच्या धन्यांनी मान हालवली. देव एरवी हालत न्हाई, हाल्ला तो नेमका तवा.

मी गवताच्या पेंढ्या आणाय गेले. परत येताना पाण्याच्या कडंला करवतीचा आवाज आला. पेंढ्या टाकून पळत गेले, तर सुतारकाम चालू! अठरा हातांचा कळक मधोमध कापायचा, असा एकेक करून बाकी सगळे कापून झाले व्हते. शेवटचा कापत व्हतं आमचं धनी सोता.

"ह्ये काय केलंसा!" मी वरडले.

जाडा कारकून हातातला लाडू संपवून म्हणला, "लांब बांबूंचा तराफा वळत नाही हो. आणि तुमचं नुकसान काय? चाळीसाचे ऐंशी झाले!"

आन् तिघं पुन्यांदा हसले. मी खाली बसले आन् रडले. लाज वाटती सांगायला, पर रडले. नऊ हाताचा वासा आढ्यावरनं भिंतीपातूर पोचत न्हाई, हे शेंबडं पोर बी सांगंल. नऊ वरसं वाढवल्याला कळक काय मी शिवून जोडणार व्हते? पाटील म्हणले, "गप बस, लोकं बघत्यात." जणू काय चूक रडण्याची व्हती.

मग निघाली प्रदक्षिणा. पायीच घालणार म्हणून पत्रात लिवलं व्हतं, पर चिखलात बूट रुतत्यात म्हणून तिघं तराफ्यावर सतरंजी टाकून बसले. आमचे सा गडी कमरंएवढ्या पाण्यातनं ढकलतायत, वकील यंत्रात बघतोय, "पूर्व. दक्षिण." तीन अंगं झाली आन् तराफा पट्टीच्या चिखलाला टेकला. आता खाली उतरावं का न्हाई? न्हाई! वकील म्हणला, "पाय जमिनीला लागता कामा नये. प्रदक्षिणा मोडेल." आन् मग, मी खोटं सांगत न्हाई, सा गड्यांनी त्यो तराफा त्या तिघांसकट खांद्यावर घेतला आन् कोरड्या जमिनीवरनं पलीकडच्या पाण्यापातूर नेला. फुडच्या उजव्या कोपऱ्याला आमचं धनी. वर बसून वकील हात हालवतोय. मढं बी नेताना माणसं वजनाकडं बगत्यात. सोनबाच्या शेळ्या थांबून बघाय लागल्या.

मग बंडोपंतानं उकिडवं बसून, कोरडी पट्टी दिसणार न्हाई असा फोटू काढला. रातचा मुक्काम टेकडीवर. तंबू लागला, श्टो पेटला, गाणी झाली.

माजं डोस्कं राती थंड झालं आन् पहाटं मी शेजारच्या अंबूबाई आन् सगुणाबाईला हाक मारली. तिघी पट्टीवरनं चालत गेलो. तराफ्याच्या दोऱ्या कापल्या आन् कळकाचे भारे बांदून घरी आणले. चार खेपा झाल्या. तंबूतनं घोरण्याचा आवाज येत व्हता. चोरी कशाची? माजे कळक व्हते. आखूड झाले म्हणून परके झाले का?

दिवस वर आल्यावर चावडीवर आरडाओरडा. मी गेले. वकील पाटलाच्या फुड्यात उभा. "माझा तराफा चोरीला गेलाय. लिहून घ्या. बेटावर माणसं अडकली होती, जिवाशी खेळ आहे हा!"

"लिवा पाटील," मी म्हणलं. "पर आदी ह्ये लिवा का साहेब बेटावरनं हितं आलं कसं. पोहत आलं का उडत?"

सगळ्यांची नजर वकिलाच्या पायाकडं गेली. धोतर वर खोचल्यालं, गुडघ्यापातूर वाळल्या चिखलाची धूळ, आन् बुटाला सोनबाच्या शेळ्यांच्या लेंड्या. आदी बाया हसल्या. मग गडी. शेवटाला पाटलांनी बी पागोट्याच्या शेवात तोंड खुपसलं.

वकील तांबडालाल झाला. "हा काय उर्मटपणा आहे?"

"उर्मटपणा न्हाई. ऐतवारी तुमचं व्याख्यान हाय न्हवं? मी येती भोरला. धन्याला बी आणती, खांदा दावायला. सालटं निघालंय. लोकांनी इचारलं का बेटावर ह्ये कशानं झालं, तर सांगती."

मग वकील हळू आवाजात म्हणला, "काय पाहिजे तुला?"

"छप्पर. तुमी माजं छप्पर कापलंय. कळक आता नऊ वरसांनी येत्यात. तवर वर घालाय कायतरी द्या."

त्यांच्याजवळ वर घालायजोगं एकच व्हतं. तंबू. वकिलानं त्यो दिला, पर देताना बी पाटलाकडं बघून मोठ्यांदा म्हणला, "मंडळातर्फे एका गरीब बाईला भेट." ऐतवारी व्याख्यानात ह्ये बी सांगितलं म्हणं. टाळ्या पडल्या. बेटाचा फोटू वाचनालयात लावलाय. बघितल्यालं म्हणत्यात लई सुरेख हाय.

आमी घर दोन हात आत घेतलं, आखूड वाशांवर तंबू ताणला. तंबूची एक खोड असती. पावसात आतनं बोट लागलं का तितनंच गळाय लागतंय. पोरास्नी हात वर करायची बंदी घातली. आषाढात पाणी चढलं, पट्टी बुडाली, देवाची टेकडी सगळ्या अंगांनी पाण्यात उभी ऱ्हायली. खरंखुरं बेट, कुणाची चूक न्हाई. ते बघाय भोराहून कुणी आलं न्हाई. पाऊस लई व्हता म्हणत्यात.

त्या तिघांनी तंबूत एक रात काढली, तर त्याचं व्याख्यान झालं. आमी पाच जणांनी चार महिने काढले. आमचं कवा ठेवताय, ते तेवढं इचारा भोरला गेलात तर.