आठ रिकामी घरं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्यात धडे नाहीत, सूर लिहिलेले आहेत. वसईतल्या बावखलाकाठच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकाठच्या, एका घरात, व्हायोलिनच्या पेटीत माझा मुक्काम असतो.

साठ वर्षांपूर्वी चर्चच्या गायनमास्तरांनी दौत-टाक घेऊन आम्हा दोघी बहिणींना लिहून काढलं. त्याआधी दोनेकशे वर्षं, दूर युरोपात, एका सरदाराच्या पदरी असलेल्या संगीतकाराने मोठ्या वाद्यवृंदासाठी एक रचना केली होती. तिचा दुसरा, संथ भाग आमच्या वाट्याला आला. बहिणीत पहिल्या व्हायोलिनची चाल होती, माझ्यात दुसऱ्याची साथ. ती चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या गॉडफ्रेंकडे गेली आणि मी त्यांचे शेजारी प्लासिड यांच्याकडे.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाली की दोघे ओटीवर वाजवायला बसत. माझ्या तिसऱ्या पानावर तालाची आठ रिकामी घरं आहेत. तिथे दुसऱ्या व्हायोलिनने गप्प राहायचं असतं. प्लासिड पायाने ताल मोजत थांबत, गॉडफ्रे एकटे वाजवत.

"आठ घरं आराम करतोस आणि चहा माझ्याबरोबरीने पितोस!" गॉडफ्रे चिडवत.

"गप्प बसायलाही मोजता यावं लागतं, बाबा."

मग गॉडफ्रे गेले. त्यांचं घर पाडून इमारत झाली आणि बहीण रद्दीत गेली. मला पेटीतून वर्षानुवर्षं कुणी बाहेर काढलं नाही. कसर लागली. पहिल्या पानावर संगीतकाराचं नाव होतं, नेमकं तेच तिने खाल्लं.

आता प्लासिड थकले आहेत. आपल्या नातीने, एलिसाने, ती चाल एकदा तरी ऐकावी एवढीच त्यांची इच्छा आहे. परवा त्यांनी मला उघडलं आणि माझ्यातली साथ वाजवली.

"आजोबा, हे अर्धंच वाजतंय," एलिसा म्हणाली.

"अर्धंच आहे. चाल गॉडफ्रेकडे होती."

"मग गुणगुणून दाखवा ना."

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "अगदी परवा-परवापर्यंत येत होती गं."

एलिसाने मोबाइलला साथ ऐकवली. मोबाइलने भलतंच गाणं दाखवलं. "संगीतकाराचं नाव सांगा, मी शोधते." प्लासिड माझं पहिलं पान उजेडाकडे धरून बघत राहिले. भोकांतून फक्त अंगण दिसत होतं. मी काय करणार? वहीला तोंड नसतं.

त्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. रिकाम्या घरांपाशी हात थांबला. एलिसा बोटांवर मोजू लागली.

"सात, आठ. आजोबा, आता तुम्ही."

गज मांडीवरच राहिला. "थांब," ते हळूच म्हणाले, "गॉडफ्रेचं अजून झालं नाही."

एलिसाने कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. तरी ती मोजत राहिली. नऊ, दहा, अकरा.

मित्रांनो, जुन्या वह्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, पानांत कडुलिंबाचा पाला ठेवा. पण तेवढ्याने भागत नाही. ज्यांना चाल येते ते समोर बसलेले असतानाच ती ऐकून घ्या, स्वतः म्हणून बघा. मी साथ सांभाळली. चाल मला कधीच येत नव्हती.